जाळ्यामागे वाटणी

आमच्या तलावात भिंतीकडं पाणी खोल. रोहू, कटला असा मोठा मासा तिथंच लागतो. गावाकडच्या अंगाला उथळ पाणी, चिखल आणि बोटभर चिलापी. म्हणून भिंतीकडची जागा सगळ्या घरांना आळीपाळीनं मिळायची. घरात चार बाप्ये असोत की एकटी बाई, प्रत्येक घराला आपला वार ठरलेला. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण कुणी मोडलेलाही मला आठवत नाही.

चुलता वारल्यावर चुलती स्वतः जाळं टाकू लागली. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून, हातानं पाणी कापत ती पार भिंतीपर्यंत जायची. पहिल्यांदा लोक हसले, मंग सवय झाली. मासे घेऊन ती टेंभुर्णीच्या बाजारात बसायची. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोन वर्षं मी चुलतीच्याच हातचं जेवलो.

पुढं पाऊस ओढ देऊ लागला. तलाव आटत गेला, मासा कमी झाला. ज्यांच्याकडं पाच-सहा जाळी होती त्यांनी नवी मागणी काढली: वाटणी घरामागे नको, जाळ्यामागे करा. मी मच्छीमार संस्थेचा सचिव होतो. अक्षर बरं म्हणून मला केलेलं. समाजमंदिरात बैठक भरली. बोलणारे सगळे जास्त जाळीवाले. चुलती दाराजवळ बसली होती. तिचं जाळं एकच, तेही जागोजागी सांधलेलं.

ठराव वाचायला मी उठलो तेव्हा तिनं मधेच विचारलं, "तू शिकलेला हाईस. तूच सांग, हे बराबर हाय का?"

सगळे माझ्याकडं बघू लागले. माझ्या भावाची चार जाळी होती. मी म्हणालो, "काकी, बहुमत जे म्हणंल ते." आणि खाली बघून पुढचं वाचलं.

ठराव मंजूर झाला. तिच्या वाट्याला महिन्यातून एखादाच दिवस भिंत आली, बाकी चिखल. एक हंगाम तिनं काढला. मंग जाळं गुंडाळून ती जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं निवडायला जाऊ लागली. पहाटेच्या टेम्पोत उभी राहून जायची, दिवस बुडताना यायची. वाटेत भेटली की मी गाडी हळू करायचो. ती डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि चालत राहायची.

जाळीवाल्यांचंही फार दिवस चाललं नाही. ते आपसातच भांडले. एकानं दुसऱ्याची जाळी कापली. शेवटी कंटाळून संस्थेनं तलाव बाहेरच्या ठेकेदाराला दिला. तोही ठराव माझ्याच अक्षरात आहे. ठेकेदारानं आपली माणसं, आपली नाव आणली. आमच्यातल्या कुणालाही पाण्यात उतरायला बंदी झाली. माझा भाऊ पुण्याला गेला. मला ठेकेदारानं तलावाच्या राखणीचं काम दिलं, आणि मी ते घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी उथळ अंगाला कुणीतरी गळ टाकून बसलेलं दिसलं. जवळ गेलो तर चुलती. कारखान्यातलं काम तेव्हा बंद होतं. घमेल्यात तीन चिलापी होत्या, तळहाताएवढ्याही नाहीत.

नाव पलीकडं फिरत होती. ठेकेदाराचा माणूस आमच्याकडंच बघत होता.

मी म्हणालो, "काकी, इथं बसता येत न्हाई आता."

तिनं मान वर केली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तुझी नोकरी हाय. मला ठाव हाय." गळ गुंडाळला, मासे पाण्यात सोडले आणि घमेलं काखेत घेऊन उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागलं तिला. मी हात पुढं केला नाही.

मी अजून तिथंच राखण करतो. तलावाकाठी आमच्यातलं आता कुणी येत नाही. हाकलायलाही कुणी उरलं नाही.