सासूबाईंनी पकडलेली राउटरची चूक

मंडळी, आज आमच्या बसवनगुडीच्या घरात पेढे वाटले!

मागच्या महिन्यात सासूबाई राउटरला लांबलचक पासवर्ड देत होत्या आणि तो दर वेळी बंद पडत होता.

"आई, छोटा द्या ना," मी म्हटलं.

सासूबाई निवृत्त इंजिनिअर. म्हणाल्या, "का म्हणून? चूक त्याची आहे."

माझं कामच सॉफ्टवेअरचं, म्हणून मी तपासलं. जास्तीची अक्षरं शेजारच्या मेमरीत सांडत होती, म्हणजे चक्क बफर ओव्हरफ्लो! त्यातून कुणीही राउटरचा ताबा घेऊ शकलं असतं. आम्ही कंपनीला कळवलं.

आज दुपारी ईमेल आला. दुरुस्त फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, आलंय, आणि आभारांत सासूबाईंचं नाव! त्यांनी ते तीनदा वाचलं आणि शेजारच्या अक्कांना कन्नडमधून सगळं समजावलं.

तुमच्या घरात असं खोदून विचारणारं कोण आहे? त्यांचं ऐका. आणि हो, राउटर आजच अपडेट करा!