पोटुशीचा वाटा

"हात का मारलास तिच्या हातावर? पोटुशी बाई हाय ती!"

"आये, ते सोड. आदी सांग, कदीपासून देतेस तिला ही गोळी?"

"माजी गोळी हाय. कोणाला द्यायची ते मी बघीन. तू कोण मना इचारनारा?"

गोळी घरंगळत ओटीवरच्या बोंबलांच्या टोपलीखाली गेली होती. प्राप्ती पाण्याचा पेला धरून उभी होती. अर्धं पाणी तिच्या गाउनवर सांडलं होतं. पाचवा महिना, पोट आता दिसायला लागलेलं. नवऱ्याने आपल्या हातावर फटका का मारला हे तिला अजून कळलं नव्हतं. नीराबाईला मात्र कळायची गरज वाटत नव्हती. सुनेवर हात उचलणारा मुलगा तिच्या घरात चालणार नव्हता, एवढं तिला पुरेसं होतं.

"बोल ना मेल्या! रक्त वाडायची गोळी सुनेला दिली तर काय पाप केलं मी?"

"रक्त वाडायची न्हाय ती!" विनेश ओरडला. "कॅन्सरची गोळी हाय!"

ओटीच्या कोपऱ्यात नीराबाईचा नवरा भिकू जाळं विणत बसला होता. त्याच्या हातातली सुई थांबली. नीराबाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो मुलाकडे रागाने बघत होता. कॅन्सर ऐकून माणूस दचकतो तसा तो दचकला नव्हता. पोराने तोंड उघडलं म्हणून चिडला होता. दारात तिची लेक हेतल उभी होती, तिची मान खाली.

म्हणजे या दोघांनाही माहीत होतं.

"कोणाला कॅन्सर?" नीराबाईने विचारलं. उत्तर तिला कळलेलंच होतं, तरी विचारलं.

रेवदंड्याच्या बंदरावर नीराबाईशी कोणी खोटं बोलत नसे, बोलून उपयोग नसे म्हणून. बोटीवरून म्हावरं उतरलं की ती टोपलीत हात घालून खालचं वर काढायची. वर ताजं आणि खाली कालचं लावणाऱ्या खलाशाचा बाप, आजा, सगळे ती तिथेच उद्धरायची. बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगायचे, जवळा अंगणात पसरायचा, सुकलं की टोपल्या रिक्षात घालून चौलला, अलिबागला बाजार करायचा, असं तिचं आयुष्य गेलं. भिकूची बोट वादळात फुटली तेव्हा घर तिच्या सुक्या मासळीवर चाललं. तिने घरात एक रीत कधी मोडू दिली नाही: घरात येईल त्या चांगल्या घासाचा पहिला वाटा पोटुशीचा. पापलेट असो, नारळाचं दूध असो, पाहुण्याने आणलेलं सफरचंद असो. तिच्या सासूने तिला तो दिला होता, ती सुनेला देत होती.

मागच्या वर्षी तिची डाव्या बरगडीखालची बाजू जड झाली. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. गॅस असेल म्हणून तिने ओवा खाल्ला, लिंबू-सोडा प्यायली. मग टोपली डोक्यावर घेतली की धाप लागू लागली. अलिबागला रक्त तपासलं, तिथून थेट मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. तिथे मोठे डॉक्टर एक दिवस शिकाऊ पोरापोरींचा घोळका घेऊन तिच्या खाटेपाशी आले. इंग्रजीत बोलत होते. एकेक पोर पुढे यायचं आणि तिच्या पोटावर बोटं रुतवून बघायचं. पोटातलं ते जड कुठवर आलंय ते एकाने बेंबीजवळ पेनाने रेघ मारून दाखवलं. एक मुलगी तेवढी म्हणाली, "मावशी, दुखलं तर सांगा हां." त्यानंतर डॉक्टर विनेशला बाहेर घेऊन गेले. तो परत आला आणि म्हणाला, "रक्त कमी झालंय. रोज एक गोळी. जेवणावर घ्यायची, पेलाभर पाण्याबरोबर."

गोळ्या एका कॅल्शियमच्या बाटलीत असायच्या. विनेशच भरून आणायचा.

"पाकिटातून काढून बाटलीत का भरायचास ते आज कळलं," नीराबाई म्हणाली. "त्या सगळ्या पोरांनी माजं पोट दाबलं. त्या सगळ्यांना ठाव होतं. मीच तेवढी येडी."

"घाबरशील म्हणून न्हाय सांगितलं गं आये."

"मी घाबरीन? भर वादळात तुला पाठीला बांधून खाडी पार केली ती मी! तू घाबरलास ते सांग ना."

"चूक झाली. पण ते मरणाचं न्हाय," विनेश घाईने म्हणाला. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. सांगायला लागला तेव्हा हात इंजिनावर असल्यासारखे हलू लागले. "रक्त हाडांच्या आतल्या मगजात बनतं. तुज्या मगजात एक बिघाड झाला, आन् पांढऱ्या पेशी थांबायचं नावच घेईनात. इंजिनाची रेस अडकते ना, सोडली तरी इंजिन बोंबलत ऱ्हातं, तसं. त्या पेशी डाव्या बरगडीखालच्या पानथरीत साठल्या, म्हणून पोट जड. गोळी ती रेस खाली आणते. पण रोज घ्यायची. सोडली की रेस परत वर."

"रोज," नीराबाई म्हणाली आणि तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

प्राप्तीचं रक्त कमी भरलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्यांनी तिचं पोट आवळायचं, शी काळी व्हायची, म्हणून तिने त्या सोडल्या होत्या. नीराबाईने साधा हिशेब केला. फुकटच्या गोळीपेक्षा मुंबईच्या इस्पितळातली गोळी भारी असणार. आपली पानथरी तर उतरलीच होती, अंगात ताकद आली होती. सुनेला चौथा महिना लागल्यावर तिने सुनेला पहिला वाटा द्यायला सुरुवात केली. एक दिवस तिची, एक दिवस माझी. घरात कोणाला सांगण्यासारखं त्यात काय होतं? सुनेला ओकारी यायची, ती पोटुशीला येतेच. सकाळी तिचे डोळे सुजायचे. नीराबाई हसून म्हणायची, "बघ, माजेपण अशेच सुजतात. गोळी लागू पडतेय."

आणि मागच्या खेपेला डॉक्टर कागदावरच्या आकड्यांकडे बघून कपाळाला आठ्या घालत म्हणाले होते, "पेशी परत का वाढल्या? मावशी, गोळी रोज घेता ना?" नीराबाई तोंड उघडणार तोच विनेश म्हणाला, "रोज घेते सर. मी स्वतः बघतो." ती गप्प बसली. सासू-सुनेतली गोष्ट परक्या पुरुषासमोर कशाला, असं तिला वाटलं. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या वेळी असंच निघालं तर औषध बदलावं लागेल, जास्त जोरातलं.

प्राप्तीने पेला खाली ठेवला. "पोटातल्या बाळाला काय करते ही गोळी?"

विनेशने बापाकडे पाहिलं.

"विनेश, मी विचारतेय."

"गरोदर बाईने घ्यायची न्हाय असं डॉक्टर बोलले होते," विनेश म्हणाला. "कोणी घेईल असं मला काय ठाव? पण पहिले तीन महिने जास्त धोक्याचे. तू चौथ्यानंतर... मंग कदाचित काय होणार न्हाय."

"कदाचित!" प्राप्ती म्हणाली. "एका घरात राहतो आपण. एका ताटात जेवतो. तुझ्या आईला काय झालंय ते मला सांगितलं असतंस तर मी ती गोळी हातात तरी घेतली असती का? त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं." तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. "उद्या सोनोग्राफी आहे. मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगणार."

"तेवढं नको!" विनेश पुढे झाला. "तिथली नर्स चौलच्या लोकांच्या नात्यातली हाय. रविवारी ते हेतलला पसंत करायला येतायत. सोनोग्राफीत दिसायचं ते दिसेलच ना? सांगून काय वेगळं दिसणार?"

"काय शोधायचं ते कळेल की त्यांना!" प्राप्ती किंचाळली. "बाळाचं हृदय, हाडं, सगळं नीट बघतील. माझं बाळ आहे हे, तुझ्या इंजिनाचा पार्ट नाही!"

"पोरीचं लगीन मोडेल," भिकू पहिल्यांदा बोलला. "आयेला रक्ताचा कॅन्सर म्हटल्यावर कोण करील तिला? थोडं सबुरीनं घ्या. रविवार जाऊ दे."

नीराबाई नवऱ्याकडे वळली. "तुमी वरसभर माज्या शेजारी निजलात. मी गोळी गिळताना पाणी दिलंत मना. आन् आता सबुरी?" मग विनेशकडे. "ह्यो रोग पोरांत उतरतो?"

"न्हाय. डॉक्टर बोलले, लागतही न्हाय आन् आईकडून पोरांत जातही न्हाय."

"मंग लपवलंस कशाला रे? जे लागत न्हाय, उतरत न्हाय, त्याच्यासाठी माज्या हातानं माज्या नातवाला इख घातलंस! मी प्रेमानं दिलं तिला. माज्या तोंडातलं काढून दिलं." तिचा आवाज फाटला, पण डोळ्यांतून पाणी आलं नाही. रागाने ते आतच ठेवलं.

"आई, माझ्या लग्नाचं राहू दे," हेतल दारातून हळूच म्हणाली.

"तू चूप. तूबी ह्यांच्यातलीच."

नीराबाई वाकली, टोपली सरकवली आणि धुळीतली गोळी उचलली. फुंकर मारून बघितली. केशरी, गुळगुळीत, तिला आवडायची ती दिसायला. मग हेतलकडे हात केला. "बाटली आण." हेतलने बाटली आणली. नीराबाईने धुळीतली गोळी बाजूला टाकून नवी काढली, प्राप्तीच्या पेल्यात उरलेलं पाणी बघितलं, तो तांब्यातून काठोकाठ भरला आणि सगळ्यांच्या देखत गोळी घेतली. पेला रिकामा करून खाली ठेवला. बाटली पदरात बांधून पदर कमरेला खोचला.

"ऐका," ती म्हणाली. "उद्या पहिल्या रिक्षानं मी प्राप्तीबरोबर अलिबागला चाललेय. डॉक्टरीणबाईला मी माज्या तोंडानं सांगणार, काय दिलं, किती दिवस दिलं, नर्स ऐकू दे न्हायतर सगळा दवाखाना ऐकू दे. तिथून मुंबईच्या डॉक्टरला फोन लावायचा, गोळी अर्धीच घेत होते म्हणून, औषध बदलू नका म्हणून. विनेश, तू नंबर लावून माज्या हातात द्यायचा, बोलणार मी. रविवारी चौलवाले आले की च्या द्यायच्या आदी मी त्यांना सांगेन. उठून गेले तर जाऊ दे."

विनेशने तोंड उघडलं.

"तू घरी ऱ्हा," नीराबाई म्हणाली. "वलांडीवरचे बोंबील परतायचे हायत."