सुमनताईंची गुप्त चौकशी

माझ्या नोकरीतली पहिली मोठी कामगिरी सांगतो तुम्हाला. मला तिचा आजही अभिमान आहे. गाढवपणा माझा होता, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुम्हाला तोंड दाबून हसावं लागणार नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीत काम करणाऱ्या एका संस्थेत मी नवा लागलो होतो. समाजकार्याची पदवी ताजी, चाल ताठ. अध्यक्षांनी तक्रारींचं काम माझ्याकडे दिलं. नियम एकच होता: ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला आधी सांगायचं, मग चौकशी.

पहिलीच तक्रार सुमनताईंविरुद्ध. त्या सहा वर्षं त्या वस्तीत काम करत होत्या. तक्रार जन्म हातमागावर गेलेल्या गिरजाबाईंची. कोणाकडून तरी पत्र लिहून घेतलं होतं: 'तुमची बाई मले बाहेर बसवते, दार लोटून सुनेच्या कानात कुजबुजते. तिले काढून टाका.'

एका बाईच्या नोकरीचा प्रश्न होता. मी ठरवलं, चौकशी गुप्त करायची. सुमनताईंना सांगितलं तर त्या लोकांना पढवून ठेवतील, नाही का? ही अक्कल पदवीची नव्हे, माझी स्वतःची. इस्त्रीचा शर्ट घातला, सायकल काढली आणि नाव-गाव न सांगता थेट गिरजाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"सुमनताई कशा आहेत वागायला?"

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "काहून विचारून राहिले?"

"असंच. स्वभाव वगैरे कळला तर बरं."

गिरजाबाईंचा चेहरा उजळला. आत वळून सुनेला म्हणाल्या, "चहा ठेव वं." मग मला म्हणाल्या, "पोरगी सोन्यासारखी हाय. माझ्या सुनेले दवाखान्यात तिनंच नेलं."

"पण दार लोटून बोलते म्हणे?"

"सुनेले माझ्यासमोर लाज वाटते, म्हणून लोटते. त्यात काय बिघडलं? तुमची नोकरी पक्की हाय का?"

"पक्की," मी ताठ बसून म्हणालो.

"घरी कोण कोण असते?"

"आई आणि मी."

"एकच सासू. बरं हाय," त्या पुटपुटल्या. मी तेही वहीत लिहिलं.

शेजारच्या चार बायका येऊन बसल्या. त्यांनीही सुमनताईंचे गोडवे गायले. तीन कप चहा झाला. मी तीन पानी अहवाल लिहिला: तक्रार निराधार. दोनच दिवसांत गिरजाबाईंनी तक्रार मागे घेतली. अध्यक्षांनी पाठ थोपटली. माझे पाय जमिनीला लागेनात.

त्यानंतर सुमनताई लेखी तक्रार घेऊन माझ्या टेबलासमोर आल्या.

"कोणी अनोळखी माणूस वस्तीत माझी चौकशी करून गेला. लोकांनी माझं लग्नच ठरवून टाकलंय. बायका कामाचं बोलायचं सोडून शालूचा रंग विचारतात."

"वर्णन?" मी विचारलं. आवाज आधीच खाली गेला होता.

"इस्त्रीचा शर्ट, सायकल. सगळं वहीत लिहीत होता म्हणे."

वही टेबलावर उघडीच होती. सगळं कबूल केलं.

त्या रागावल्या नाहीत, याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. सुनेचं बोलणं सासूला सांगायचं नाही, हे माझं काम आहे. पण म्हातारीला तिच्याच घरात ओट्यावर बसवलं, ते तिला लागलं असणार. तेवढं माझं चुकलं."

आम्ही दोघं गिरजाबाईंकडे गेलो. सुमनताई आधी त्यांच्याशीच बोलत बसल्या. यापुढे अशीच सुरुवात करायची असं ठरलं, आणि गिरजाबाईंचा राग खरोखर निवळला. नव्यानं लिहिलेल्या अहवालात हे सगळं आलं, माझ्या चुकीसकट. त्याखालच्या सहीचा मला अभिमान आहे.

निघताना मी हात जोडले. "माफ करा, मी स्थळ म्हणून आलो नव्हतो."

"बरं झालं," गिरजाबाई म्हणाल्या. "पोरीच्या लग्नात मोडता नको म्हणून मी तुमाले तिचं चांगलंच सांगितलं. पण तिनं तुमच्याबद्दल विचारलं असतं, त मी म्हटलं असतं, नको करू वं. तीन कप चहा पेला बाबू, पण नाव काही सांगितलं नाही."