पयवाची गाडी

शेषरावकाका जुनी गाडी बघायला आले की आधी तिच्याखाली शिरायचे. मालक कौतुकानं बॉनेट उघडून उभा. काका मात्र पोतं अंथरून आडवे, बाहेर दिसायचे ते फक्त दोन पाय. रिसोडला त्यांचं लहानसं गॅरेज होतं. मला तेव्हा ड्रॅग रेसचं वेड लागलं होतं. सरळ पट्ट्यावर दोन गाड्या, पाव मैल अंतर, आधी पोचेल तो जिंकला. नवी गाडी ऐपतीबाहेरची, म्हणून जुनी घेऊन तीच तयार करायची, असं ठरवून मी काकांना गाठलं.

मला एक लाल गाडी फार आवडली होती. काका खालून कपडे झटकत उठले. "पत्रा सडला हाय हिचा. रंग कायले पाहून राह्यला? तुले गाडी पयवाची हाय का मिरवाची?"

"पळवायचीच," मी म्हणालो.

शेवटी जऊळक्याच्या एका निवृत्त मास्तरांची, उन्हानं विटलेली छोटी गाडी त्यांनी निवडली. "हलकी हाय, सांगाडा सरळ हाय, पार्टबी भेटतात. इंजिनाचं मी पाहतो."

वर्षभर ते त्या गाडीत गुंतले. वजन कमी करायला मागची सीट काढली, दारांची अस्तरं काढली, इंजिन दोनदा उतरवलं. एकदा हात पुसत म्हणाले, "जल्मभर ट्रॅक्टरच दुरुस्त केले. शर्यत मले एकडाव डोयानं पाहू दे." मी हो म्हणालो.

शर्यत दूरच्या शहरात होती. गाडी टेम्पोवर चढवली. केबिनमध्ये ड्रायव्हरखेरीज दोघांचीच जागा, आणि ती दुसरी जागा मी व्हिडिओ काढणाऱ्या मित्राला देऊन बसलो होतो. सकाळी गॅरेजसमोर काका इस्त्रीचा सदरा घालून, डबा घेऊन तयार.

"पुढच्या वेळी नक्की, काका."

काका डबा खिडकीतून आत देत म्हणाले, "जा बावा. चाकाचे नट पाहून घेजो."

पहिली फेरी आम्ही जिंकलो, दुसरी हरलो. परतल्यावर काकांनी व्हिडिओ दोनदा पाहिला, गाडीच्या पाठीवर थाप मारली आणि कामाला लागले.

पुढची शर्यत ठरायच्या आत काका गेले. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. भेटायला गेलो तेव्हा काकू म्हणाल्या, "त्या दिवशी तुमी निंगाले, आन् हे फटफटी घेऊन मांगंच आले होते. गाडी नीट बांधली का पाह्यतो म्हने. मेहकरपर्यंत येऊन वापस फिरले."

एवढ्या रस्त्यात मी एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.