भिवाजीचा दुसरा हात

भिवाजी कोळी चालायला लागायच्या आधी पोहायला लागला, असं त्याची आई मनुबाई सांगायची. मनुबाईच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागे, तरी उरलेल्या निम्म्यातही तो पोहतच असे. ठाण्याच्या खाडीने त्याला कधी अडवलं नव्हतं. अडवलं ते डोंबिवलीच्या तलावातल्या चार भिंतींनी.

शहाऐंशी साली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीने त्याला खेळाडू म्हणून घेतलं. तेही टेंपररी. अट एकच: कारखान्यांच्या जलतरण स्पर्धेत चारशे मीटर मेडलेचं पदक आणायचं, की लगेच पर्मनंट. बटरफ्लाय, बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि फ्रीस्टाईल, शंभर-शंभर मीटर, एका दमात. शहाणी माणसं या शर्यतीला नाव देत नसत. सगळ्या कंपन्या मिळून तिघेच उतरत, त्यामुळे नियमाने शेवटपर्यंत पोहोचणाऱ्याला ब्राँझ तरी ठरलेलंच.

तेवढंच भिवाजीला दोन वर्षं जमलं नाही. पहिल्या वर्षी तो बटरफ्लायमध्ये असा सुटला की प्रेक्षक उभे राहिले. खाडीत माणूस ओहोटीबरोबर सुसाट जातो आणि भरतीबरोबर आरामात परततो. तलावाला भरती येत नाही, हे त्याला बॅकस्ट्रोकच्या मध्यावर कळलं. तिथून त्याला बांबूने ओढून काढला. दुसऱ्या वर्षी दम पुरला, पण पंचाने बाद केलं. बटरफ्लाय आणि ब्रेस्टस्ट्रोकमध्ये भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात. होडीपाशी पोहत आलेला कोळी एका हाताने काठ धरतो, कारण दुसऱ्या हातात दोर असतो. तलावात दोर नव्हता, पण भिवाजीच्या हाताला ते सांगणार कोण?

"यंदा शेवटची संधी," कंपनीचे गुरुदत्तसाहेब म्हणाले. हे पर्सोनेल ऑफिसर. यांना पोहता येत नसे. सगळी मेडले त्यांनी एका पुस्तिकेतून शिकली होती. बूट घालून, स्टॉपवॉच गळ्यात अडकवून ते काठाने फेऱ्या मारत आणि पाण्याचा शिंतोडा उडाला की उडी मारून मागे सरत. "बटरफ्लाय पावणेदोन मिनिटांच्या आत आलास तर मी घरी निघून जाईन. हळू! बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा आजारी आहे."

"साहेब, आजारी तर आहेच मी."

"उत्तम. तसाच राहा."

दम साहेबांनी सांभाळला, हात मात्र बायकोने ताब्यात घेतला. आवडाबाईने आठ महिने घरात कायदाच केला. चहाचा कप दोन्ही हातांनी. तांब्या दोन्ही हातांनी. दाराची कडीसुद्धा दोन्ही हातांनी. चुकला की स्वयंपाकघरातून आवाज येई, "दुसरा हात!" तिला भिंतीपलीकडचं कसं दिसे, देव जाणे. धाकटा भाऊ गुणाजी हसून लोळे. "दादा, काल तू बोंबील असा उचललास, मला वाटलं आता त्याचं बारसं करतोस की काय!"

भिवाजीला हसू येत नसे. डोलीच्या पिशवीसारख्या जाळ्यात मासा भांडत शिरत नाही. पाण्याच्या ओढीबरोबर सोयीने आत जातो; पुढे जाळं निमुळतं होतं, आणि शेवटच्या गाठीशी त्याला वळायला जागा उरत नाही. असली जाळी भिवाजीने वर्षानुवर्षं लावली होती. आता पंचवीस मीटरवर भिंत, वळा, परत भिंत, वळा. सोळा भिंती. तोंडात क्लोरीन.

एका रात्री जेवताना त्याने धीर केला. "आवडे, मला नको ही नोकरी. गुण्याबरोबर होडीवर जातो."

"होडीवर जाऊन पकडणार काय? तुमच्याच कंपनीचा रंग?"

खरं होतं. मागच्या आठवड्यात गुणाजीच्या जाळ्यात चिखलातल्या चार निवट्या आल्या होत्या, त्याही रॉकेलच्या वासाच्या. मांजराने हुंगून तोंड फिरवलं.

स्पर्धेच्या दिवशी भिवाजी खरोखर आजाऱ्यासारखा निघाला. कल्याणचा काळुराम आणि वसईचा डेनिस केव्हाच पुढे गेले. बटरफ्लाय एक मिनिट अठ्ठेचाळीस. साहेब काठावर आनंदाने टाळ्या वाजवत होते. बॅकस्ट्रोकमध्ये पत्र्याचं छप्पर मोजत गेला. ब्रेस्टस्ट्रोकला दम शिल्लक होता, आणि दमाबरोबर विचारही आला. आता ही भिंत, मग ब्रेस्टस्ट्रोकची शेवटची. तिथे एक हात लावला की बाद. तिसरी संधी गेली, नोकरी गेली. कोणी जाब विचारणार नाही. कोळ्याचा हात तो, चुकला. उद्या पहाटे होडीवर. निवट्या तर निवट्या.

शेवटची भिंत आली. त्याने ठरवलं: डावा मागे ठेवायचा. पक्कं ठरवलं.

"दुसरा हात!" गॅलरीतून आवाज आला. की आलाच नव्हता, आठ महिन्यांच्या चहाचाच तो आवाज होता? दोन्ही पंजे एकदम, शेजारी शेजारी, थप्पकन भिंतीला लागले. पंचाने वाकून पाहिलं आणि मान डोलावली. भिवाजीने आपल्याच हातांकडे असं पाहिलं, जणू दुसऱ्या कोणीतरी ते आणून तिथे ठेवलेत. मग उरलेलं फ्रीस्टाईल तो पोहला, कारण तलावात दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

ब्राँझ मिळालं. सोमवारी साहेबांनी पत्र हातात ठेवलं. "अभिनंदन! पर्मनंट! आता रिटायर होईपर्यंत मेडले आपलीच. अजून एकोणतीस स्पर्धा!"

घरी आवडाबाईने पत्र देवापुढे ठेवलं, पेढा भरवला आणि आलं घातलेला चहा आणला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "सुटलात हो. आता खुशाल एका हाताने प्या."

भिवाजीने उजवा हात पुढे केला. कप उचलला, आणि डावा हात आपणहून मागोमाग आला.