रबरी गुडघ्यावरचा हात

हॉस्पिटलातले वॉर्डबॉय, म्हणजे सगळ्यांचे मामा, यांचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. सव्वासहाला ते ऑपरेशन थिएटरात. टेबल तीनदा पुसायचं: साबणाच्या पाण्याने, मग औषधाने, मग कोरड्या फडक्याने. वरचा दिवा चारी बाजूंना फिरवून बघायचा. पेशंटला त्याचं नाव आणि ऑपरेशनची बाजू स्वतः विचारून कागदाशी ताडायची. एकतीस वर्षांत मामांच्या हातून चुकीचा माणूस टेबलावर चढला नाही. हे ते फारसं सांगत नसत. दिवसातून दोनदाच.

घरी मात्र त्याची कुणाला किंमत नव्हती. मामींचे गुडघे गेले होते आणि संडास उकिडवं बसायचा.

"जगाचे गुडघे ढकलत नेता रोज," मामी म्हणायच्या. "माझ्यासाठी एक कमोड होत नाही तुमच्याच्याने."

"फरशी फोडावी लागते."

"मग फोडा."

इथे बोलणं संपायचं. पगारातून मागे काही उरत नसे.

अशात मोठ्या सर्जनबाईंनी एक नवी परीक्षा काढली. शिकाऊ डॉक्टर टाके कसे घालतो ते बघायचं नाही. सोबतच्यांशी बोलतो कसा, ऐकतो का, अडलं तर विचारतो का, तेवढंच बघायचं. टेबलावर रबरी पेशंट. नर्स आणि मामा आपापल्या जागी. मामांना दर परीक्षेच्या दिवसाचा वेगळा भत्ता. वर्षभराच्या भत्त्यात कमोड बसतो, असं मामींनी जाहीरच करून टाकलं.

काम सोपं होतं. कागदावर डावा गुडघा, पण हिरव्या कापडाच्या चौकोनातून मुद्दाम उजवा उघडा ठेवलेला. मामांनी एकदाच, हळू म्हणायचं, "डॉक्टर, डावा ना?" आणि गप्प राहायचं. डॉक्टर थांबला तर पास.

मामांना तेच जमेना. पहिल्या तालमीत त्यांनी गुपचूप चिमट्याने कापड डाव्यावर सरकवलं. दुसऱ्या तालमीत असे ओरडले की नर्सच्या हातातला चिमटा पडला.

"मामा, हे नाटक आहे," बाई म्हणाल्या. "चूक आपणच करून ठेवलीय."

"तेच म्हणतो. करायची कशाला?"

बाईंना हसू आलं. तरी त्या म्हणाल्या, "परीक्षेत मध्ये पडलात तर पुढच्या वेळी ऑफिसातला शिपाई उभा करीन. त्याला यातलं काही कळत नाही. छान गप्प बसतो."

मामींनी हे ऐकलं आणि सल्ला दिला, "कामं सांगितली की माझ्यापुढे बसता ना मुकाट? तसेच बसा."

परीक्षेला सगळ्यांत आधी जो शिकाऊ डॉक्टर उभा राहिला, त्याला सगळे एक्सप्रेस म्हणत. हात चांगला, पण कान घरी ठेवून यायचा.

"डॉक्टर, डावा ना?" मामा हळूच म्हणाले.

"मामा, दिवा जरा इकडे घ्या."

मामांनी दिवा घेतला. ओठ मिटले. एक्सप्रेसने ब्लेड मागितलं. कमोड, मामा मनात म्हणाले. कमोड, कमोड. ब्लेड रबराला टेकणार, तोच त्यांचा हात उजव्या गुडघ्यावर पडला. निर्जंतुक कापडावर हातमोज्याशिवाय हात. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"मामा, हात काढा."

"कागद बघा."

"हात काढा म्हणतोय ना."

"बघितलात की काढतो."

एक्सप्रेसने कागद बघितला. मास्कच्या दोऱ्यांमागे त्याचे कान लाल झाले. तो नापास झाला. मामांनी ते कापड धुवायला टाकलं आणि म्हणाले, "बाई, बोलवा शिपायाला."

"बोलवते," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "नाटक तुमच्या बापजन्मी जमायचं नाही. तुम्ही माझ्याशेजारी बसा. डॉक्टरने खालच्या माणसाचं ऐकलं का, त्याचे गुण तुम्ही द्यायचे. भत्ता तोच."

"मला गुण देता येत नाहीत."

"रोज मनात देताच. आता कागदावर द्या."

मामांचा हात भलताच आखडता निघाला. तीन महिन्यांनी एक्सप्रेस पुन्हा बसला. शिपायाने विचारताच थांबला, कागद वाचला, बाजू बदलली. मामांनी दहापैकी सहा दिले.

"थांबलो की मी, मामा."

"थांबलात. पण शिपायाकडे मान वर करून बघितलं नाहीत. ऐकलंत की नुसते दमलात, त्याला कसं कळावं?"

एक्सप्रेसने वाद घातला नाही. तेवढ्यासाठी मामांनी अर्धा गुण वाढवला, पण त्याला सांगितलं नाही.

वर्ष सरलं तेव्हा मामांनी फरशी स्वतः फोडली. गवंड्याने दोन लाद्या तिरक्या लावल्या, त्या मामांनी काढून परत लावायला लावल्या. भत्त्यातून पांढरा कमोड आला आणि भिंतीला धरायला एक दांडा. मामी आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

"बसायला बरा आहे," त्या म्हणाल्या. "दांडा चार बोटं खाली हवा."

मामा पाना आणायला उठले.