डोंगरावरून पडणारा राक्षस

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही गिचमिड आहे. चौथीनंतर पेन हातात धरायची वेळ क्वचितच आली. हे कुणाच्या हाती लागलं तर सांभाळून घ्यावं.

माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. दुखणं उठलं की हाडं आतून कुणी पिळतंय असं म्हणते. मग सक्करदऱ्यातल्या आमच्या घरून ऑटोने दवाखाना, सलाईन आणि सुई. तिची शीर लवकर सापडत नाही. सुईचं नाव काढलं की ती हात पोटाखाली दाबून धरायची आणि ओरडायची.

राक्षसाचं कार्टून तिने पहिल्यांदा वॉर्डातल्याच एका बाईच्या मोबाईलवर पाहिलं. एका शिंगाचा जाडा राक्षस, त्याला उडायची हौस. डोंगरावरून उडी मारतो, धपकन पडतो, पापडासारखा चपटा होतो. डोक्याला पट्टी बांधतात. लगेच पट्टी गायब, आणि हा परत डोंगरावर. पट्टी गेली की माझी मुलगी खुदकन हसायची.

मोबाईल घ्यायला मी बचत गटात कर्ज मागितलं. तिथे कारण सगळ्यांसमोर सांगावं लागतं. मला चारचौघींत बोलता येत नाही. "पोरीले कार्टून पाहाले," एवढंच तोंडातून निघालं.

"मग मलेही द्या बाई, सिरियल पाहाले," एक जण म्हणाली. सगळ्या हसल्या. मी पदराचं टोक पिळत बसले. अध्यक्षबाईंनी मात्र कर्ज मंजूर केलं.

मोबाईल आल्यावर सुईच्या वेळी मी तेच कार्टून तिच्यापुढे धरू लागले. दवाखान्यातल्या सिस्टरला ही युक्ती लवकर कळली. ती सुई धरून थांबायची.

"चढला का वं तुझा राक्षस?"

"चढून राहिला."

"पडला की सांगजो."

तो पडायचा, ही हसायची, तेवढ्यात सुई आत. मलाही त्याचं हसू यायचं. लोकांच्या घरी पोळ्या लाटताना तो आठवायचा.

गेल्या थंडीत दुखणं पुन्हा उठलं. सिस्टर थांबली. राक्षस पडला, सुई गेली. मुलगी हसली नाही.

"आई, याले दुखत काहून नाही?"

सिस्टर खाली मान घालून चिकटपट्टी लावत राहिली.

"बंद कर," मुलगी म्हणाली. "खोटारडा आहे तो."

तेव्हापासून ती ते पाहत नाही. दुसरं कार्टून लावलं तर डोळे मिटून घेते. सुई टोचताना भिंतीकडे तोंड करते, ओरडतही नाही. ती ओरडायची तेच बरं होतं असं वाटतं. आता सुईच्या वेळी तिच्यापुढे काय धरावं, मला माहीत नाही.

परवा गटात शेवटचा हप्ता दिला. सिरियलचं बोललेली तीच बाई शेजारी होती. "पाहते ना पोरगी कार्टून?" तिने विचारलं. मी हो म्हणून मान हलवली.

अध्यक्षबाईंनी पैसे पेटीत टाकले, कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "फिटले वं तुझे सगळे."